फुलांवरचा बर्फ

नॉर्वेतल्या हार्डांगरच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत उभ्या बोर्गहिल्डच्या कानावर मागच्या म्हाताऱ्या बहीणभावाचं बोलणं पडलं.

"आस्लाक, पहाटे पाण्याचा फवारा बंद का केलास रे?"

"ताई, फुलं बर्फात गोठलेली बघवेनात गं."

"अरे शहाण्या, फवाऱ्याचा तो बर्फच त्यांचं थंडीतलं पांघरूण! वितळेपर्यंत पाणी थांबवायचं नाही, हे संशोधन केंद्रातल्या बाईंनी बजावलं नव्हतं?"

"ऊन आलं होतं. वाटलं, आता सुटली बिचारी."

"सुटलीच! सगळी काळी पडली. कडक हिवाळ्यात तगणारं सफरचंदाचं झाड करण्यात बाईंचा जन्म गेला, आणि आपल्याकडे लावलेल्या त्या झाडाला बहर पहिलाच."

"त्या यंदा निवृत्त होणार. पहिलं फळ मलाच चाखू दे, म्हणाल्या होत्या."

"ती बघ, बोट लागली. चल, बाईंना सांगून टाक."

"ताई... पुढच्या बोटीनं गेलो तर?"