छोट्याचा कान

हॅलो? … हॅलो, आई? … अगं मोठ्याने बोल, इथे सगळं घुमतंय. … पोहण्याच्या तलावावर. डायव्हिंगचा दुसरा क्लास नाही का आज? … नाही, अजून उतरले नाही. काठावर उभी आहे, रबराचा सूट घालून. … कशी दिसते काय, ट्रकच्या ट्यूबसारखी दिसते.

हो, हो… दोघेही आलेत. दादा या टोकाला, छोट्या त्या टोकाला. … नाही बोलले. आई, नऊ वर्षं नाही बोलले, आज सकाळी साडेसातला कशाला बोलतील? 'त्याला म्हणावं टॉवेल माझा आहे.' 'ताई, त्याला सांग टॉवेलवर नाव नाहीये.' मधे मी आहेच, पोस्टाची पेटी.

… अगं ऐक ना, घोळ वेगळाच झालाय. समुद्रात एकट्याने उतरायचं नसतं, जोडीनेच. आणि कोच बाई वजन बघून जोड्या लावतात. … अठ्ठ्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव. … मी काय करू, तूच वाढवलंयस दोघांना.

हसतेस काय? उतरण्याआधी एकमेकांच्या टाक्या, नळ्या, पट्टे तपासायचे. मोठ्याने विचारायचं, 'हवा येते का?' दुसऱ्याने म्हणायचं, 'येते.' … म्हटलं ना मी बाईंना, दोघांच्या वतीने मीच विचारते. तर म्हणाल्या, 'आणि समुद्राच्या तळाशी तुम्ही कुठे असणार?' … मग काय, वीस मिनिटं झाली, दोघेही हाताची घडी घालून उभे.

… आता माझ्यावर नको चिडू. 'पंचाहत्तरीला मला काही नको, तिन्ही मुलांबरोबर एक फोटो हवा,' असं कोण म्हणालं? … आणि जमिनीवर हे दोघे एका फोटोत उभे राहत नाहीत म्हटल्यावर, 'पाण्याखाली कोणीच बोलत नाही, तिथे अबोला दिसणार नाही,' हे डोकं कोणाचं? टीव्हीवर मासे बघता बघता सुचलं तुला. डॉक्टरही असा की तुला पास करून मोकळा झाला. बेटाची तिकिटंसुद्धा काढून झाली.

… नाही गं, मी कशाला काढीन तो फोटो भिंतीवरून? बाबांचा शेवटचा फोटो तो. छोट्याच म्हणतो काढा. दादा ऐन वेळी पुढे सरकला आणि मागे छोट्याचा नुसता कान आला. … डावा. … माहितेय, कान छान आलाय. पण तो म्हणतो, बाबांबरोबरच्या शेवटच्या फोटोत मी कान आहे. … आणि दादा म्हणतो, मी सरकलोच नाही, मला ढकललं. तेच ते. … हो, भिंतीला कान असतात, आपल्या भिंतीला खरंच आहे. शंभरदा केलास हा विनोद.

बरं, काय विचारायचंय ते पटापट विचार. … मोत्यांची माळ? घाल, पण तुटली तर मासे गिळतील. … नाहीच ओळखू येणार चेहरे, मास्क असतो ना. खाली नावं लिहू. … फोटोग्राफर तेच, लग्नाचे फोटो काढणारे. पाण्यात ओरडता येत नाही म्हणून पाट्या रंगवून आणल्यात. 'हसा.' 'मान वर.' 'मुलीकडची मंडळी, आत सरका.' … अगं, सवयीने लिहिलं असेल.

… कासव? येईल की, गरम पाण्याचा समुद्र आहे, कासवं असतात म्हणे. … आई, कासव नेमकं छोट्यासमोर येऊन थांबलं तर काय? हाकलू.

… नाही, नाही, श्वास रोखायचा नाही. पहिला नियम तोच. … हो ना. बावीस वर्षं एक्स-रे काढताना लोकांना 'श्वास रोखा' म्हणत आले, आणि इथे बाई मलाच ओरडतात.

थांब हं… काही नाही, उतरताहेत दोघे. बाईंनी स्वतः तपासलं. म्हणाल्या, आज शेवटचं. पुढच्या वेळी तोंड उघडलं नाही तर समुद्रात उतरायचा दाखला देणार नाही. … म्हणजे फोटो नाही, हो. … अगं, इतक्यात रडवेली नको होऊ.

गेले खाली. … बुडबुडे येताहेत, दोन ठिकाणी. … छे, जवळबिवळ कसले.

… छोट्या वर आला. कानाला हात लावलाय. … डाव्याच. … खाली पाणी कान दाबतं, नाक धरून फुंकलं की मोकळा होतो. याला जमत नाहीये. … बाई मान हलवताहेत. कान सुटला नाही तर याला समुद्रात सोडणार नाहीत. … हो, तेव्हा नुसता कान आला, आता कानापायी बाकीचा राहणार. … मला नाही येत हसू. सेहेचाळीस वर्षांचा घोडा, पण रडतोय गं तो. मास्कमधलं पाणी कुठलं ते बाईंना नाही कळणार, मला कळतं.

… दादा पण आला वर. जोडीदार वर गेला की यावंच लागतं. … त्याच्याकडे चाललाय. … तोंडातली नळी काढली. … आई, गप्प. एक मिनिट गप्प.

… बोलला.

… 'जोरात नको, गाढवा. बाबा बसमध्ये शिकवायचे तसं. घाट चढताना. आधी गिळ, मग हळू फुंक.' … हो, दादाच. छोट्याला. सरळ, माझ्यामार्फत नाही.

… छोट्या म्हणतोय, 'आधी समोरून बाजूला हो.' … झाला. खरंच झाला. … फुंकतोय. … सुटला कान.

… आता? आता भांडताहेत. 'तू सरकलास.' 'तू ढकललंस.' नऊ वर्षांचं सगळं बाहेर काढलंय, पोहणारी माणसं काठाला येऊन बघताहेत. … 'फोटोत तूच राहा पुढे.' 'नको, उपकार नकोत, तू राहा.' … आता मागे कोणी राहायचं यावरून जुंपलीय.

… मी? मी उभी आहे नुसती. माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नाहीये. … बरं वाटतंय. थोडं चुकल्यासारखंही वाटतंय.

… थांब, पुन्हा उतरायचंय त्यांना. दादा पट्टे ओढून बघतोय त्याचे. … विचारतोय, 'हवा येते का?' … 'येते. तुझी?'

… हो गं, धरते फोन तिकडे. … येतंय ऐकू? … आई, नाक पूस आधी. … ठेवू? … बरं, नाही ठेवत. फोन इथे काठावर ठेवते, दादाच्या टॉवेलवर… ज्याचा असेल त्याच्या. मी चालले पाण्यात. तू ऐक पोटभर, आणि ठेवायचा तेव्हा तूच ठेव.