साच्याच्या आतली आग

नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगते. बडोद्याजवळ, पादऱ्याच्या रस्त्यावरच्या एका प्लास्टिक कारखान्यात मी नवीन इंजिनिअर होते. दुधाचे क्रेट साच्यातून वाकडे निघत होते आणि मालक जयंतीभाई तो साचाच भंगारात काढायला निघाले होते.

मी म्हटलं, "थांबा, आत कुठे जास्त तापतंय ते शोधते."

"आत थर्मामीटर जाणार कसा, बेन?"

"जाणारच नाही. बाहेरून साच्याच्या पोलादाचं तापमान मोजायचं आणि उलटा हिशेब करून आतलं काढायचं."

पहिल्याच हिशेबात वितळलेलं प्लास्टिक बर्फापेक्षा गार निघालं. जयंतीभाई शांतपणे म्हणाले, "तो पछी बरफनी फॅक्टरी खोलीए."

उलट्या हिशेबात हेच होतं. मोजणीतली बारीकशी चूक उत्तरात डोंगराएवढी होते. मी आकड्यांमधली थरथर, म्हणजे मोजणीतले बारीक चढउतार, काढली आणि पुन्हा गणित केलं. या वेळी एकच कोपरा भलताच गरम दिसला.

"साचा गार ठेवणारं पाणी इथे पोचत नाहीये," मी म्हटलं.

साचा उघडला. त्याच कोपऱ्यातली पाण्याची वाट क्षारांनी गच्च बुजली होती. न बघता सांगितलं होतं मी!

वाट साफ केल्यावर पहिला सरळ क्रेट निघाला. मला तो खाली ठेववेचना. जयंतीभाई हसले, "घरे लई जाव, बेन."

नेला की. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय आहे त्यात?"

म्हटलं, "काही नाही हो. पण बघा ना, किती सरळ आहे."