सोळा इंची चूल

—तिला हात नका लावू, रंग ओला आहे, इस्त्रीच्या शर्टाचं वाटोळं होईल. आणि सोळा इंची काय करायचीय तुम्हाला? घरात माणसं किती? तीन. खोली? दहा बाय दहा, त्यातच मोरी, त्यातच पाळणा. खिडकी कुठल्या अंगाला? — बघा, ते ठाऊक नाही. भोईवाड्यातनं लालबागपर्यंत चालत आलात चूल घ्यायला, आणि आपल्या घरातला धूर कुठनं बाहेर जातो ते ठाऊक नाही. कसं असणार, तुम्ही ताट वाढल्यावरच आत शिरणारे. या कोंडीरामच्या दुकानात असे रोज येतात. मोठी बघितली की डोळे चमकतात, जशी काय चुलीची वरातच काढायचीय. अहो, तिघांच्या भाताला सोळा इंची पेटवलीत तर वखारवाला तुमच्या नावानं सत्यनारायण घालील. चूल कशी, पातेल्याच्या बुडाएवढी घ्यावी — वर दोन बोटं. जाळ पातेल्याबाहेर गेला की लाकूड फुकट, बाईचं तोंड भाजतं ते वेगळं. नऊ इंची न्या. तीस वर्षं पत्रा ठोकतोय, मला शिकवू नका.

बायकोनं सोळाच सांगितलीय? — असं. सांगणारच. माझ्या सुनेनंपण सांगितली होती, बकुळानं. माझा दौलत आणि ती, दोनच माणसं, इथं गल्लीपलीकडं बिऱ्हाड केलं, आणि ही म्हणते सोळा इंची द्या. मी हसलो. चार गिऱ्हाइकांसमोर हसलो. म्हटलं, पंगत उठवायचीय का? तर म्हणाली, गिरणीतले आठ जण जेवायला ठेवणार आहे, गाव सोडून एकटे राहणारे. म्हणजे खानावळ. कोंडीरामची सून परक्या पुरुषांना भाकऱ्या थापून वाढणार. — लालबागेत घरोघरी बायका तेच करतात, माहीत आहे मला, उगीच तोंड उघडू नका. पण आपल्या घरात नको. सोळा इंची तयार होती, त्या खुंटीखालीच होती. मी नऊ इंची दिली. तीपण — आता काय लपवायचं — जुन्या डब्याच्या पत्र्याची. म्हटलं, एवढ्याशा चुलीवर आठ जणांचं काही निघत नाही, आपोआप नाद सोडील.

नाही सोडला. पहाटे पेटवायची, दोन भाकऱ्या उतरल्या की पुढच्या दोन, असं अकरा वाजेपर्यंत. त्यात तो छप्पनचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणाले, माणसं रस्त्यावर उतरली, गोळ्या चालल्या, कर्फ्यू लागला. आसपासच्या खानावळी बंद. तिच्या दारात आठाचे बावीस झाले, सगळे चाळीतलेच, आणि ती कुणाला नाही म्हणाली नाही. त्या नऊ इंचीखाली दिवसभर जाळ. तिसऱ्या दिवशी तळ फाटला. जुना पत्रा, त्याला किती सोसवणार? पेटते निखारे आणि वरचं आमटीचं पातेलं, सगळं तिच्या डाव्या पायावर. रस्त्यात पोलीस, दवाखान्यात नेणार कसं? दौलतनं आणि जेवणाऱ्या तिघांनी तिला घोंगडीत घातली, चार टोकं चौघांनी धरली, पुढं एकानं काठीला पांढरं फडकं बांधून धरलं, आणि नेली. मी? — मी फळ्या लावून आत बसलो होतो. दोनशे पावलांवर. आरडाओरडा ऐकू आला होता मला. कर्फ्यू होता ना.

कर्फ्यू उठल्यावर गेलो. डोक्यावर सोळा इंची घेऊन गेलो, जाड पत्र्याची, आतनं मातीचा लेप दिलेली. पायाला पट्टी, बसून पीठ मळत होती. चुलीकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मामंजी, तुमचं माप चुकलं नव्हतं. मी जेवढं रांधावं असं तुम्हाला वाटत होतं, तेवढीच चूल दिलीत." एवढंच. आवाज चढवला नाही. मग चहा ठेवला माझ्यापुढं, तो प्यायलो, आणि चूल पुन्हा डोक्यावर घेऊन आलो. सगळ्या गल्लीनं बघितलं. आता तिच्याकडं परळ नाक्यावरच्या त्या भामट्याची चूल आहे — सांधे कच्चे, सांगून ठेवतो — आणि त्याच्यावर चाळीस माणसं जेवतात. पाय ओढत वाढते. गिरणी सुटली की दौलत पाणी भरतो तिथं. मलापण डबा येतो दुपारचा. मी मागितलेला नाही. ती पाठवते.

काय बघताय असे? एवढं सांगायची गरज नव्हती तुम्हाला. ती नऊ इंची खाली ठेवा. — नाही, सोळापण नाही द्यायची. घरी जा, बाईला विचारा, कुणाकुणासाठी रांधायचंय तुला. आणि ती सांगेल तेव्हा हसू नका. मग तिलाच पाठवा, तुम्ही येऊ नका. — व्हा बाजूला, उजेड अडतोय माझा.