बिननावाचं पुडकं

नाव नको? बरं. चिठ्ठीही नको. साधा कागद घालते मग, आमच्या दुकानाच्या छापाचा नको असेल तुला – हं, वाटलंच. थांब, घडी नीट घालू दे. शाळेतल्या तिच्या बुटांच्या कप्प्यात मावेल ना म्हणून विचारत होतीस, मावेल की, साबण तळव्याएवढाच आहे. आमच्या वेळीही ठेवायचो आम्ही एकमेकींच्या कप्प्यात काहीबाही, पण त्यावर नाव असायचं, नावासाठीच तर ठेवायचो. हसलीस. कोणासाठी आहे? नको सांगूस, मी आपली सवयीने विचारते. मैत्रीण? केंदोच्या वर्गातली? मग झालंच – ते मुखवटे, ते हातमोजे, वर्षभराचा घाम मुरलेला असतो त्यात, बांबूच्या तलवारीलासुद्धा वास येत असेल. त्याचा नाही म्हणतेस? तिचाच. आणि बाकीच्या मुली बाक सरकवून बसतात. तू नाही सरकवत. हं. चांगली आहेस तू.

गुण येईल का? येईल. त्याची काळजी करू नकोस. कच्च्या पर्सिमनचा रस आहे यात, हिरवी फळं कुटून दोन वर्षं रांजणात मुरवलेला. तो रांजण उघडला ना की माणूस नाक धरून पळतं, इतका घाण वास, आणि तोच माणसाच्या अंगाचा वास काढतो. हा सापडायला मला तीन वर्षं लागली बघ. आधी तुरटी. मग बांबूचा कोळसा, मग चहाचा चोथा वाळवून, मग उमेबोशीचं, त्या खारवलेल्या आंबट फळांचं पाणी – त्याने तर यांच्या काखेत पुरळ उठलं, आणि मी म्हटलं, घामोळं असेल. अगं, यांना माहीतच नव्हतं ना. बनियन धुताना शेवटच्या पाण्यात घालायचे मी, गुपचूप. आमचे हे – तोकुजी. गेले मागच्या थंडीत. नाही नाही, वाकायला नको, बस त्या स्टुलावर, तुझी बस यायला वेळ आहे.

हे नगरपालिकेत होते. जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या खिडकीवर. आवडायचं त्यांना ते, नवीन बाळाचं नाव लिहायला कोणी आलं की घरी येऊन मला सांगायचे, आज अमुक नाव आलं, किती छान नाव. पन्नाशी लागली आणि उशीला वास यायला लागला. तसा सगळ्यांच्याच नवऱ्यांना येतो म्हणतात, पण हा जरा जास्त. उन्हाळ्यात खोलीत मागे राहायचा. आता सांग, सव्वीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कसं सांगायचं – अहो, तुम्हाला वास येतो? मला नाही जमलं. रोज ठरवायचे, भात वाढताना सांगू, मग भात वाढून व्हायचा. म्हणून एक दिवस – एक दिवस डबा विसरले हे, तो द्यायला कचेरीत गेले. हे खिडकीवर होते, टेबलापाशी कोणी नव्हतं. डबा वर ठेवला आणि खणात एक पुडकं ठेवलं. अंग पुसायचे ओले सुगंधी रुमाल असतात ना, ते. साध्या कागदात बांधलेले. नाव नाही, चिठ्ठी नाही. मला वाटलं, समजतील, वापरतील, कोणाला लाजायला नको. मला वाटलं, किती अलगद केलं मी.

संध्याकाळी आले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवसापासून डबा नदीवर जाऊन खायला लागले. शनिवारी गोड पुरणाच्या वड्यांची पेटी आणली आणि सोमवारी कचेरीत नेली. मला काय ठाऊक? पुढे त्यांच्या विभागातल्या एकाची बायको इथे आली साबण घ्यायला, ती म्हणाली, तुमच्या यांनी सगळ्यांना वड्या वाटल्या आणि म्हणाले, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला – कसला त्रास हो, कोणालाच काही कळलं नाही. ते पुडकं कचेरीतल्याच कोणी ठेवलं असं वाटलं होतं यांना. अकरा माणसं होती. पेटी बाराची. बारावी वडी त्यांनी घरी आणली होती, मला दिली. मी खाल्ली.

मग बदली मागून घेतली. तळघरात, जुन्या दप्तरांच्या खोलीत, तिथे दुसरं कोणी बसत नाही. निवृत्त होईपर्यंत, दहा वर्षं. ज्या उन्हाळ्यात हा साबण हाती लागला त्या उन्हाळ्यात वास गेला, खरंच गेला, उशीला नाक लावून बघितलं मी, नुसता कापूस. पण हे काही वर आले नाहीत. तिथे निवांत वाटतं म्हणायचे.

तू विचारलं नाहीस, पण सांगते – मला संधी मिळाली होती. तळघरात गेल्यानंतरचा पहिला वसंत होता. मी इथेच, या फळीवर, कोणाचं तरी सामान बांधत होते, आणि हे उभे राहून माझ्या हातांकडे बघत होते. बराच वेळ. मग म्हणाले, "मिझुए, मला वास येतो का गं?" अगदी हळू. रागावून नाही. आणि मी म्हटलं, "छे, कसला वास? मला तर नाही येत." हे म्हणाले, "बरं." पुन्हा कधी विचारलं नाही.

यांचे दिवस झाल्यावर कपाट आवरायला घेतलं. शिक्क्याच्या डबीखाली त्या पुडक्याचा कागद. त्याच घड्यांत ठेवलेला, सपाट. डावा कोपरा आत खोचलेला – हा, हा बघ, आता तुझ्या पुडक्याला खोचला तसा. माझ्या आईने शिकवलेलं, या गावात कोणी असं खोचत नाही. दुकानाचा कागद वापरला नव्हता मी, एवढी हुशारी केली होती, पण बोटं तीच ना. त्या दिवशी हे माझ्या हातांकडे का बघत होते – मी आपली समजत होते, दमलेत.

माहीत होतं त्यांना. माहीत असून विचारलं. मी सांगावं म्हणून.

नाही, थांब, आण ते इकडे. दे म्हणते ना. हा कागद काढते मी. घे, असाच घे, उघडा. मोठा वास नाही, पण हाताला लागेल, तासभर राहील. तिच्या शेजारीच बसतेस ना? मग विचारेलच ती, हा कसला वास. तेव्हा – तेव्हा जे तोंडात येईल ते बोल. अडखळलीस तरी चालेल. रडली तर रडू दे तिला. बाक सरकवू नकोस, बस.

पैसे? ठेव तिथे कुठेही. आणि सारखी वाकू नकोस माझ्यापुढे, मी काही – बस आली बघ तुझी. जा. दार ओढून घे जाताना.