मैनेचं तेल

—छे छे, तसं एका शब्दात नाही सांगता येत साहेब, टू-स्ट्रोक भरवशाचं की फोर-स्ट्रोक. तुम्ही आधी बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय — इकडे कॉटवर बसा. सुट्टीचा गुरुवार सोडून तुम्ही भोसरीत माझी खोली शोधत आलात, तुम्ही इंजिनिअर माणूस, आणि मी साधा टेस्ट रायडर — चहा घेतल्याशिवाय कसं सोडेन? आमची मंडळी लेकीच्या बाळंतपणाला निगडीला गेलीय, पण चहा जमतो मला. तर उद्या रिपोर्ट द्यायचाय म्हणता — कच्च्या रस्त्यावर पळायची नवी मोटरसायकल, तिला कुठलं इंजिन बसवायचं — आणि स्टोअरमध्ये आमची जुनी वही हाती लागली. बघू. हां… हीच. हे गिचमिड अक्षर सोनबाचं, आणि हे माझं. भीमराज — केवढा मोठा भ काढायचो बघा तेव्हा. नऊ वर्षं झाली. शेवटचं पान ना? सांगतो, त्याच्यावरही येतो, आधी पहिल्यापासून घ्या.

दोन गाड्या होत्या. कंपनीनं नंबर दिले होते, आम्ही नावं दिली. टू-स्ट्रोकची मैना — आवाज तसा चिरका, आणि जागेवर ठरायची नाही. फोर-स्ट्रोकची म्हैस. जड, धिमी, थंडीत किक मारून मारून पोटरी दुखायची, पण एकदा लागली की दिवसभर तक्रार नाही. चाकणच्या बाजूला माळ होता, आता तिकडे कंपाउंडं पडायला लागलीत, तेव्हा नुसता मुरूम आणि बाभळी. त्या माळावर आम्ही फेऱ्या मारायच्या, सकाळी आठपासून शिफ्ट संपेपर्यंत. दहा हजार किलोमीटर पुरे करायचे आणि रोज वहीत लिहायचं — काय झिजलं, काय तुटलं, काय बदललं. मैनेवर सोनबा, म्हशीवर मी. दुष्काळाचं साल ते. धूळ अशी, की संध्याकाळी थुंकलं तरी चिखल.

लिहून घ्या हे. मैनेला व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, सामान कमी. बिघडली तर अर्ध्या दिवसात वरचं हेड उघडा, रिंगा बदला, सायलेन्सरमधला कार्बन खरवडा, चालली परत. पण काळजी रोजची. प्लग काळा होतो, तो पुसायचा. हवेचा फिल्टर रोज धुवायचा. उतारावर गॅस सोडून दिला की तिला तेल कमी मिळतं, म्हणून मधूनमधून थोडा गॅस देत उतरायचं. म्हशीचं तसं नाही — तिचं तेल तिच्या पोटात वेगळं, महिन्यातून बघितलं तरी भागतं. पण टॅपेट सेट करायला हात पाहिजे, आणि एकदा का तिचा व्हॉल्व्ह गेला की मग आठवडा गेला. धुळीनं दोघी मरतात, ते सारखंच. आता तुम्ही विचाराल, मग फरक काय? फरक हा, की म्हैस तुमची चूक पोटात घालते. मैना नाही घालत. तिला पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच द्यावं लागतं — पाच लिटरला पाव लिटर — ते विसरलात की संपलं. म्हणजे — विसरलं तर. कोणी विसरलं तर म्हणतोय मी.

सोनबा कधी नाही विसरला. इथून जवळच्याच माण गावचा तो. जुन्या घरातला, बोलणं सगळं त्यांचं तिकडचं — ‘आरं भीमा, हिला तेल न्हाई पाजलं तर ही आपल्याला पानी पाजंल’ असं म्हणायचा. त्याचा लाल डबा वेगळा होता. पेट्रोल, मग मापानं तेल, मग डबा दोन्ही हातांनी हलवायचा, लोणी काढल्यासारखा, आणि मग मैनेच्या टाकीत. माप रोज फडक्यानं कोरडं पुसून फळीवर उपडं. चालवताना डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. का? तर टू-स्ट्रोक जाम झालं तर मागचं चाक जागच्या जागी बसतं — तेवढ्यात क्लच दाबला तर माणूस वाचतो. मला हसू यायचं त्याचं. एकदा मला माणला घेऊन गेला जेवायला. त्याच्या आईनं मला चहा दिला तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात. आम्हाला कळतं ते साहेब, लहानपणापासून कळतं, आम्ही बोलत नाही. सोनबानं काय केलं — आपला कप माझ्या हातात दिला आणि तो कान तुटलेला स्वतः तोंडाला लावला, आईच्या समोर. ‘आई, साखर कमी हाय’ एवढंच म्हणाला.

शेवटचं पान. हो, येतोय ना. लिहिलंय काय त्यात — इंजिन सीझ होऊन अपघात, चालक मयत. खाली कमिटीचा शेरा — ‘ऑइल नियमाप्रमाणे मिसळलेले होते, सबब दोष इंजिनाचा.’ आणि म्हणून मैना बंद केली, साच्यांसकट. बरोबर आहे, असंच झालं, तुम्ही हेच लिहा, टू-स्ट्रोक भरवशाचं नाही, फोर-स्ट्रोक घ्या, माझी काही हरकत — काय? आधीच्या पानांवर? हो, नऊ हजार सहाशे किलोमीटर एकदाही नाही अडकली. दुष्काळात, त्या धुळीत. पिस्टन बदलावा लागला नाही तिचा. मग चारशे किलोमीटर राहिले असताना एकाएकी कशी अडकली, असं विचारताय ना? तुम्ही हुशार आहात. तेव्हा कमिटीतल्या कोणीच नाही विचारलं हो हे. ती अडकणारी नव्हतीच साहेब. फार चांगलं इंजिन होतं. अण्णासाहेबांनी, तिचं इंजिन बनवणाऱ्या साहेबांनी, चार वर्षं घातली होती तिच्यात, ड्रॉइंगपासून. तिचा काहीही दोष नव्हता.

चहा गार होतोय, घ्या.

आता बोललोच आहे तर — ऐका. आदल्या दिवशी सोनबाच्या डाव्या हाताला कोयता लागला होता, रानात. दोन बोटं चिंधीत बांधलेली. मी म्हटलं, आज नको चालवू. तर म्हणे, ‘चारशे राह्यलंत, आज निम्मं उरकतो.’ डबा काही त्याला उचलवेना. मी म्हटलं, सोड, मी भरतो. मीच म्हटलं. त्यानं सांगितलं नव्हतं. वही आधीच लिहून ठेवलेली — सुपरवायझर घाई करायचा, म्हणून आम्ही गाडीला हात लावायच्या आधीच सगळे रकाने भरायचो. फिल्टर साफ — होय. चेन — होय. ब्रेक — होय. ऑइल मिसळले — होय. खाली सही माझी. हा बघा, हाच तो भ. मग मी माझा साध्या पेट्रोलचा डबा घेतला, म्हशीत पेट्रोल ओतलं आणि त्याच हातानं, त्याच डब्यातलं उरलेलं मैनेत ओतलं. इतके महिने म्हशीचीच सवय हाताला, नुसतं पेट्रोल ओतायची. एवढंच. ह्याच्यापेक्षा जास्त काही नाही. मी काही भांडलो नव्हतो, दारू प्यायलो नव्हतो. हाताची सवय.

आणि ऐका, मी मागेच होतो त्याच्या. मैनेच्या मागे राहिलं की निळा धूर यायचा, डोळे चुरचुरायचे, रोजचं. त्या सकाळी नाही चुरचुरले. मला वाटलं, वारं फिरलंय आज, बरं झालं. बरं झालं, असं वाटलं मला! दहा-बारा किलोमीटर असे गेलो आम्ही. उताराला तो पुढे निघाला, आणि एक किंचाळी ऐकू आली — माणसाची नाही, इंजिनाची — मागचं चाक बसलं, आडवी गेली गाडी. बोटं चिंधीत होती त्याची. क्लच नाही दाबता आला. टाकी फुटली, पेट्रोल सगळं मुरमात जिरलं, तपासायला थेंब उरला नाही. मी पोचलो तर डोळे उघडे होते. मला म्हणाला, ‘मैनेला काय झालं रं?’ स्वतःचं नाही विचारलं. गाडीचं विचारलं.

हे एवढं असतं ना, तर मी सांगितलंही असतं कदाचित. चूक माणसाकडून होते. पण संध्याकाळी मी शेडमध्ये आलो, एकटा, कपड्यांवर त्याचं रक्त तसंच. फळीवर तेलाचं माप उपडं ठेवलेलं. हातात घेतलं तर कोरडं. आतून कोरडं खडखडीत, वर धूळ बसलेली. तेव्हा कळलं मला काय झालंय ते. आणि मी काय केलं असेल? ते माप मी तेलात बुडवलं. निथळू दिलं. आणि परत फळीवर उपडं ठेवलं. ह्या हातांनी, साहेब. ती सवय नव्हती. ते मी डोकं ठिकाणावर ठेवून केलं. दुसऱ्या दिवशी कमिटीच्या माणसानं आत बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं, वहीत सही होतीच. झालं काम.

अण्णासाहेबांना कळलं होतं. त्यांनी पिस्टन उजेडात धरला, बराच वेळ बघितला, म्हणाले, ‘हा कोरडा गेलाय.’ मग मला बाजूला घेऊन विचारलं, ‘भीमराज, तेल घातलं होतंस ना?’ मी म्हटलं, होय साहेब. खरं मानलं त्यांनी, म्हणाले, ‘मग माझंच काही चुकलं असणार.’ महिन्याभरात नोकरी सोडली. सोनबाच्या घरी गेले होते भेटायला, तर सरूवहिनींनी — त्याच्या बायकोनं — त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं. ‘तुमच्या इंजिनानं खाल्लं माझा माणूस’ म्हणाल्या. मी तिथेच उभा होतो, भिंतीला टेकून. अण्णासाहेब गेल्या वर्षी गेले. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच आता.

सरूवहिनी? त्या शेजारच्याच खोलीत राहतात. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आहेत. मीच ही खोली बघून दिली. आज सासूला भेटायला माणला गेल्यात, पाचच्या बसनं येतील. मंडळी नाही म्हणून आठ दिवस माझं ताट त्यांच्याकडून येतं — ‘भाऊजी, जेवून घ्या, बारीक झालाय’ म्हणतात. रस्त्यावरून टू-स्ट्रोक गेली की कानांवर पदर घेतात. नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आलो — बोललो तर त्यांची नोकरी जाईल, इंजिनाचा दोष म्हणून तर लागली ती नोकरी, मी त्यांच्यासाठी गप्प आहे. किती छान वाटतं ऐकायला! पण तेही खोटं. मोठ्या साहेबांनी सोनबाला अग्नी द्यायच्या आधीच शब्द दिला होता नोकरीचा, कागद नंतर झाले. मी माझ्यासाठी गप्प होतो. भीती वाटली. आमच्या वस्तीतला मी पहिला, कंपनीत पर्मनंट झालेला. आणि माझ्या हातून मराठ्याचं माणूस गेलं, हे गावाला कळलं तर काय होईल — ही भीती खरी होती, ती काढून टाकू नका. पण नऊ वर्षं तिच्याआड लपायचं काही कारण नव्हतं. मी भ्यालो म्हणून त्या बाईनं नऊ वर्षं भलत्याच माणसाला शिव्या दिल्या.

म्हणून लिहा आता. इंजिन उत्तम. ऑइल मिसळले — नाही. खाली मी सही करतो. पेन का बंद केलंत? लिहा ना. साहेब, मी शुद्धीत बोलतोय… काय? ठरलंय? वरती ठरलंय आधीच? फोर-स्ट्रोकच घ्यायचं, नि वही नुसती जोडायची म्हणून? असं होय. म्हणजे मैना चांगली होती की वाईट, ते तुम्हाला — बरं. नाही, तुमच्यावर राग नाही. तुम्ही हाताखालचे. ‘झालं गेलं, आता कशाला उकरता’ — चांगल्या मनानं म्हणताय, कळतं मला. कोणाला सांगणार नाही म्हणताय. सांगू नका तुम्ही. पण मी तुम्हालाच का सांगितलं, सांगू? तुमचं माझं काही नाही म्हणून. तुम्ही उद्या तुमच्या ऑफिसात, मी माझ्या शेडमध्ये. कमिटीला सांगायचं नव्हतं मला, वहीलाही नव्हतं. जिला सांगायचं तिला सोडून मी तुमच्यापुढे रडतोय, आणि वाटतंय, चला, सांगून झालं.

पाच वाजले का? थांबा, ऐका — ती बसच वळली कोपऱ्याला. साहेब, जरा बसता का? दहाच मिनिटं. मी वहिनींना सांगेन तेवढ्यापुरते, तुम्ही नुसते इथे बसा, काही बोलू नका, तिसरं माणूस असलं म्हणजे — नको. नको, जा तुम्ही. तुमच्यासमोर त्यांना मला मनासारखं बोलता यायचं नाही. वही घ्या तुमची, जा. जिन्यात भेटल्याच, तर नमस्कार करा आणि पुढे व्हा, कोण, कुठले काही सांगत बसू नका. आणि दार लोटून घेऊ नका. राहू द्या उघडं.