फ्रिजपेक्षा थंड

डॉक्टर : अजून मिटा मूठ. अजून थोडी.

बायको : एवढीच मिटते. कात्री धरवत नाही, डॉक्टर. कापड टेबलावर पडलेलं असतं आणि मी त्याच्याकडे बघत बसते.

नवरा : शिवणाचं दुकान बंद करू म्हणते ही. जन्मभर दुसरं काही केलेलं नाही बाईनं.

बायको : प्रतिकारशक्तीच कमी पडत असेल माझी.

डॉक्टर : कमी नाही हो, बिथरलीय. रक्तात टी पेशी असतात. काही चाल करून जाणाऱ्या, काही त्यांना आवरणाऱ्या. दोन्हींचा तोल लागतो. तुमच्यात आवरणाऱ्या कमी पडतायत, म्हणून बाकीच्या तुमच्याच सांध्यांवर तुटून पडतात.

बायको : अगदी माझं सासर! आवाज सगळ्यांना, आवर कुणालाच नाही.

नवरा : डॉक्टरांसमोर तरी राहू दे.

डॉक्टर : तुम्ही घेताय ते इंजेक्शन त्या पेशींना भडकू देत नाही. बऱ्याच जणांना गुण येतो, तुम्हाला काहीच नाही याचं नवल वाटतं. आता दुसरं औषध द्यावं लागेल. ते जहाल आहे, आणि तुमची फुप्फुसं नाजूक. म्हणून टाळत होतो.

नवरा : एकही इंजेक्शन चुकलेलं नाही. हिला सुई धरवत नाही, मीच टोचतो.

डॉक्टर : ठेवता कुठे?

नवरा : त्याची काळजी सोडा. घरातली लाइट गेली की फ्रिज कोमट होतो. माझा आइस्क्रीमचा कारखाना आहे ना, तिथल्या डीप फ्रीझरमध्ये ठेवतो. दगड होतं अगदी. आदल्या दिवशी काढतो, की वितळतं.

(डॉक्टर पेन खाली ठेवतात.)

बायको : काय झालं, डॉक्टर?

डॉक्टर : गोठलं की ते औषध मेलं. वितळल्यावर दिसतं पहिल्यासारखंच, पण उपयोग शून्य.

नवरा : ‘थंड ठेवा’ लिहिलं होतं खोक्यावर.

डॉक्टर : त्याखाली ‘गोठवू नका’ असंही असतं.

नवरा : पुढचं वाचलंच नाही. थंड ठेवायचं मला कोण शिकवणार, म्हटलं.

बायको : म्हणजे इतके दिवस मी नुसतं टोचून घेतलं?

डॉक्टर : मीही आधी विचारायला हवं होतं. आता ते जहाल औषध नको, हेच नव्यानं सुरू करू.

बायको : बोटं?

डॉक्टर : सूज बहुतेक उतरेल. पण ही दोन वाकलीत, ती सरळ व्हायची नाहीत.

बायको : बाकीच्यांनी कात्री धरता येईल?

डॉक्टर : मला वाटतं, येईल.

नवरा : यापुढे नर्सकडून टोचून घे. माझ्या हाताला यश नाही.

बायको : भांडायचं ते घरी भांडेनच मी, सोडणार नाही. पण इंजेक्शन तुम्हीच द्यायचं. तुमच्या हातचं दुखत नाही मला.