मूळ, नक्कल आणि आमची ठकी

खोटी चित्रं! अहो, खोटी चित्रं म्हणे! तुम्हाला सांगतो, उभा जन्म संग्रहालयात स्टूल टाकून मोठमोठ्या चित्रांच्या नकला काढल्या, मान मोडली, डोळे गेले, आणि एका दातपडक्या पोरानं भर वर्गात माझ्या नातीला काय म्हणावं? "तुझे आजोबा खोटी चित्रं काढतात!" झालं! ठकी घरी आली ती फुरंगटूनच. दप्तर फेकलं आणि मला म्हणते, "आजोबा, उद्यापासून मला घ्यायला येऊ नका."

वर बाईंचा निरोप. "आजोबा, मुलांना जरा समजावून सांगा ना, मूळ चित्र म्हणजे काय, नक्कल म्हणजे काय... अगदी सोप्पं करून!" सोप्पं करून! आता हे पोरांना कसं सांगायचं, सांगा!

तरी गेलो. ठेवणीतला शर्ट घातला, बोटीच्या चित्राची एक नक्कल काखोटीला मारली. म्हटलं, "बाळांनो, चित्रकारानं स्वतःच्या मनानं पहिल्यांदा काढलं ते मूळ. ते एकच. नंतर दुसऱ्यानं बघून काढली ती नक्कल."

"म्हणजे कॉपी! कॉपी केली की बाई बाहेर काढतात!" कोण? दातपडका!

"अरे, लपवून केली तर चोरी. आम्ही विचारून करतो, मागं 'नक्कल' असं लिहितो, आणि मुद्दाम मूळ चित्राहून लहान नाहीतर मोठी काढतो. कुणी फसायला नको!"

"मग फोटोच काढा की!"

घ्या! अरे, फोटो निघतो चुटकीसरशी, पण बघायचं राहूनच जातं... तो चित्रकार कुठं अडला, कुठला ढग त्यानं खोडून पुन्हा काढला, हे त्याच्या मागोमाग हात फिरवल्याशिवाय कळतं का? मी आपला बोलतोय आणि समोर पोरं जांभया देतायत! आता हे पोरांना कसं सांगायचं, सांगा!

आणि ठकी? शेवटच्या बाकावर, मान खाली. एकदा वर बघेल तर शप्पथ!

शेवटी बाईंनीच कागद वाटले. "चला, आजोबांची बोट बघून काढा." पोरं तुटून पडली. दातपडक्याची बोट तर शेपटीवर उभी! ठकी मात्र बोटीकडे बघेचना. माझ्याकडे बघतेय, कागदाकडे बघतेय, पुन्हा माझ्याकडे... म्हटलं, आता काय बिनसलं? जवळ जाऊन बघतो तर मीच! टक्कल, चष्मा, कानामागे ब्रश, सगळा मी!

दातपडका डोकावलाच. "ए, मला पण असले आजोबा काढायचेत!"

आणि ठकी कशी म्हणते, मान ताठ करून, "काढ बघून. पण माझ्यापेक्षा लहान काढ, आणि मागं नक्कल असं लिही. आमच्यात असंच असतं."

आमच्यात! अहो, आमच्यात म्हणाली! मी आपलं खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत बसलो.

घरी येताना माझं बोट धरून चालली होती. म्हटलं, "ठके, ते चित्र मला दे ना, चौकट करतो."

"मूळ चित्र? मूळ कुणी देतं का आजोबा? तुम्ही बघून काढा."

म्हणून आता रोज संध्याकाळी तिच्या कपाटावर चिकटवलेल्या त्या चित्रासमोर स्टूल टाकून मी माझीच नक्कल काढतोय, आणि ती मागं उभी राहून म्हणते, "आजोबा, नाक चुकलं." खोडतो, पुन्हा काढतो... नाक माझंच, पण जमेल तर शपथ!